फोटोतले आप्पा बारीक का झाले?

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून काय खाली उतरेल याचा नेम नसतो. पूर्वी कल्हई उडालेली भांडी, फाटक्या गाद्या आणि चार वर्षांची पंचांगे उतरत. अलीकडे मी पाहतो, त्यांच्या जोडीला बुटाचे एखादे खोके हमखास उतरते आणि त्यात व्हिडिओच्या कॅसेटी निघतात. कुणाचे लग्न, कुणाची मुंज, कुणाची साठीशांत. ज्या यंत्रावर त्या चालत ते यंत्र भंगारवाल्याने केव्हाच नेलेले असते. मग घरातला एखादा हौशी मुलगा ते खोके घेऊन बाजारात जातो, कॅसेटींतला ऐवज कॉम्प्युटरवर उतरवून आणतो, आणि पाडव्याच्या दिवशी फराळाच्या ताटल्या मांडीवर घेऊन सारे कुटुंब वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या पंक्ती पाहायला बसते.

इथवर सारे यथास्थित असते. पुढे कुणाला तरी वाटते, हा क्षण फार छान आहे, तो थांबवावा आणि त्याचा फोटो करून भिंतीवर लावावा. चित्र थांबवले जाते, फोटो निघतो, छापून येतो आणि घरात कुजबुज सुरू होते. "मावशी एवढी वाळलेली नव्हती गं!" "त्या वेळी आजारी होती का?" आजारी कुणीच नसते.

या सदराच्या निमित्ताने जी पत्रे माझ्याकडे येतात त्यांतून मला एक चमत्कारिक नियम सापडला आहे. आपल्या देशात उतरवलेल्या कॅसेटीतून फोटो काढला की माणसे रोडावतात; आणि मुलाकडे अमेरिकेला गेले असताना तिथल्या कॅमेऱ्याने उतरवलेल्या कॅसेटीतून फोटो काढला की तीच माणसे फुगतात. अमेरिकेच्या खाण्यापिण्याने माणूस जाड होत असेलही. पण विमानतळावर पाऊल ठेवल्या ठेवल्या, आणि तेही मुलाच्या मोटारीच्या चाकांसकट, कुणी जाड होत नाही.

दोष माणसांचा नाही आणि कॅमेऱ्याचाही नाही. फोटो ज्या ठिपक्यांचा बनलेला असतो त्या ठिपक्याचा आकार कुणी विचारलाच नाही, एवढेच काय ते झालेले असते. तंत्रज्ञ मंडळी याला पिक्सेल ॲस्पेक्ट रेशो म्हणतात. नाव अवजड आहे. गोष्ट मात्र लोकरीचे विणकाम करणाऱ्या कोणाही बाईला ठाऊक असलेली आहे.

ती कशी ते पाहा. लहान मुलाच्या स्वेटरवर हंस विणायचा असे ठरले. कुणीतरी आलेखाच्या कागदावर, तीस घरे रुंद आणि तीस घरे उंच असा, सुरेख हंस काढून दिला. एक घर म्हणजे एक टाका. नवशिकी मुलगी त्याबरहुकूम टाके मोजून विणते आणि शेवटी पाहते तो हंसाचे बदक झालेले! टाके मोजण्यात तिची तिळमात्र चूक नसते. चूक अशी, की कागदावरचे घर चौरस असते आणि सुईवरचा टाका चौरस नसतो; तो उंचीपेक्षा रुंदीला अधिक असतो. मध्यम जाडीच्या लोकरीचे चार इंचांत सुमारे बावीस टाके बसतात, पण ओळी मात्र तीसच्या आसपास बसतात. म्हणजे तीस घरांचा तो हंस रुंदीला जवळजवळ साडेपाच इंच होतो आणि उंचीला चारच इंच. अनुभवी बाई हे जाणते. ती आधी चार इंचांचा तुकडा विणून पाहते, टाके आणि ओळी मोजते, आणि मग हंस कागदावरच उंच मानेचा काढते. कागदावर तो विचित्र दिसतो, अंगावर बरोबर दिसतो.

ठिपक्यांच्या रांगोळीतही हेच आहे. दोन ठिपक्यांमधले अंतर आडवे एक आणि उभे दुसरे पडले, तर ठिपके मोजून जोडलेले कमळसुद्धा बसके नाही तर लांबुडके होते.

कॉम्प्युटरवरचा फोटो म्हणजे ठिपक्यांचीच रांगोळी. आडवे इतके ठिपके, उभे इतके ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग अमुक. फाइलीत लिहिलेले असते ते मुख्यत्वे एवढेच. आपल्या हातातल्या मोबाइलचे फोटो चौरस ठिपक्यांचे असतात. कॉम्प्युटरचा पडदाही चौरस ठिपक्यांचा असतो. त्यामुळे रोजच्या व्यवहारात ठिपक्याच्या आकाराचा प्रश्नच उद्भवत नाही आणि असा काही प्रश्न असतो हेच आपण विसरून गेलो आहोत. कॅसेट मात्र जुन्या राज्यातली. तिच्या ठिपक्यांना चौरस असण्याची सक्ती नव्हती.

आता मला जे सांगायचे आहे ते आमच्याच इमारतीत घडलेले आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांना आम्ही सारे आप्पा म्हणत असू. कॅमेरा दिसला की आप्पा पाठ फिरवत. त्यामुळे नोकरीच्या ओळखपत्रापलीकडे त्यांचा म्हणावा असा फोटोच नव्हता. वर्षश्राद्ध जवळ आले तेव्हा मुलीच्या लग्नाची, २००३ सालची, मिनी डीव्ही कॅसेट सापडली. तिच्यात कन्यादानानंतर आप्पा कार्यालयाच्या भिंतीशी खुर्ची ओढून बसले आहेत आणि कुणीतरी काही बोलल्यावर समोर पाहून मोकळेपणाने हसले आहेत. सबंध कॅसेटीत तेवढे चार सेकंद. मुलाने ती चौकट काढून जवळच्या एका स्टुडिओत दिली. स्टुडिओवाल्याने ती आठ बाय दहा इंचांच्या फ्रेमेत झकास बसवून दिली. कुठे कातरावे लागले नाही, की पांढरी पट्टी राहिली नाही.

वहिनींनी फ्रेम हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि खाली ठेवली. म्हणाल्या, "हे ह्यांचं तोंड नव्हे."

मुलगा समजूत घालू लागला. "आई, अगं, कॅसेटमधूनच काढलाय. त्यात काय बदलणार? तूच आता शेवटच्या दिवसांतले आप्पा डोळ्यांपुढे आणतेस." सून म्हणाली, दुःखाने असे होते. नात्यातले एक गृहस्थ तर म्हणाले, की वर्षभराने माणसाला चेहरा नीट आठवत नाही, हा निसर्गाचा नियमच आहे. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण फ्रेम त्यांनी भिंतीवर लावू दिली नाही. आपल्याला पस्तीस वर्षांच्या सोबत्याचा चेहरा आठवेनासा झाला की काय, ही धास्ती त्यांच्या मनात शिरली होती, हे मला मागाहून कळले.

मुलगा कामाचा होता. त्याने इकडेतिकडे चौकशी केली, तेव्हा कुणीतरी त्याला ठिपक्यांच्या आकाराची गोष्ट सांगितली. त्याने फोटोशॉप उघडले, 'व्ह्यू' या मेनूत 'पिक्सेल ॲस्पेक्ट रेशो' म्हणून जी यादी आहे तीत आपल्याकडच्या पाल पद्धतीचा ठिपका निवडला, आणि पडद्यावर आप्पा एकदम भरले! वहिनींना बोलावून आणले. त्या चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, "हं. हे हे." फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मुलगा पुन्हा स्टुडिओत गेला. दुसऱ्या दिवशी फोटो आला. आप्पा पुन्हा बारीक.

आता मात्र साऱ्यांची मती गुंग झाली. पडद्यावर बरोबर आणि कागदावर चूक! मुलाचा स्टुडिओवाल्यावर संशय, स्टुडिओवाल्याचा मुलावर. आणि वहिनींवर तर सगळ्यांचाच. "पडद्यावर तरी खरंच वेगळे दिसले होते का तुम्हाला?" असे सुनेने विचारले, तेव्हा वहिनी खाली आमच्याकडे आल्या. "भाऊजी, तुम्ही एकदा बघा. मला वेड लागलं असेल तर तसं सांगा."

मी फोटो पाहिला. आप्पांचा चेहरा मलाही आठवत होता. पण आठवणीविरुद्ध आठवण उभी करून निकाल लागत नाही. साक्षीदार असा हवा ज्याच्या आकाराबद्दल जगात कुणाचे दुमत नाही. तो आप्पांच्या डोक्यावरच होता. कार्यालयाच्या भिंतीवर एक गोल घड्याळ टांगलेले होते, कॅमेऱ्याच्या अगदी समोर. मूळ चौकट कॉम्प्युटरवर मोठी करून आम्ही घड्याळाचे ठिपके मोजले. आडवे भरले ९६. उभे भरले १०५.

मुलगा कितीतरी वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत होता. मग म्हणाला, "म्हणजे आईचंच बरोबर होतं." वहिनींनी पदर डोळ्याला लावला आणि चहा टाकते म्हणून, आमच्याच स्वयंपाकघरात, निघून गेल्या.

घड्याळ लंबगोल असणे शक्य नाही. तेव्हा १०५ उभ्या ठिपक्यांइतकी लांबी ज्या अर्थी ९६ आडव्या ठिपक्यांनी भरते, त्या अर्थी या कॅसेटीचा ठिपका उंचीपेक्षा रुंद आहे. किती रुंद? १०५ ला ९६ ने भागा. उत्तर सुमारे १.०९४ येते. आणि पाल पद्धतीच्या साध्या चित्राच्या ठिपक्याचे हेच माप फोटोशॉपमध्ये लिहून ठेवलेले आहे. कॉम्प्युटरने तो ठिपका चौरस धरला आणि आप्पा रुंदीला जवळजवळ नऊ टक्क्यांनी घटले. एरवी नऊ टक्के काही मोठी गोष्ट नव्हे. नऊ टक्क्यांनी अरुंद झालेल्या दरवाज्यातून आपण खुशाल जाऊ-येऊ. परंतु चेहऱ्याच्या बाबतीत, आणि त्यातही ओळखीच्या चेहऱ्याच्या बाबतीत, डोळ्याचे माप सोनाराच्या तराजूसारखे असते.

मग पडद्यावर बरोबर दिसले ते कसे? फोटोशॉपची ती सोय फक्त पाहण्यापुरती आहे. तिने फाइलीतला एकही ठिपका हलत नाही; चष्मा लावल्यासारखे चित्र रुंद दिसते इतकेच. ही दुरुस्ती केवळ पूर्वदर्शनासाठी आहे, अशी सूचना ती आज्ञावली स्वतःच पुढे करते. पण अशा सूचनांवर न वाचता 'ओके' म्हणायची आपणा सर्वांना सवय आहे. स्टुडिओच्या यंत्राला हा चष्मा नसतो. ते ठिपके मोजते आणि चौरस समजून छापते. जेपेग फाइलीच्या मथळ्यात ठिपक्याचे प्रमाण नोंदवायला जागा आहे; पण ती वाचण्याचे कष्ट फारसे कुणी घेत नाही.

आणि त्या आठ बाय दहाच्या फ्रेमेने तर कमालच केली होती. आपल्याकडच्या कॅसेटीची चौकट ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ठिपके उंच असते. हे प्रमाण बरोबर पाचास चार, म्हणजे दहास आठ. चुकीच्या आकाराचा फोटो बाजारातल्या तयार फ्रेमेत केसाचाही फरक न पडता बसतो! एवढे बेमालूम बसल्यावर स्टुडिओवाल्याला शंका यावी तरी कशी? वास्तविक टेलिव्हिजनचे ते जुने चित्र चारास तीन या प्रमाणाचे असायचे. चार भागिले तीन म्हणजे १.३३, ७२० भागिले ५७६ म्हणजे १.२५. हे दोन आकडे कुणी शेजारी मांडले असते तर वहिनींवर वेळ आली नसती.

हा ७२० आकडा आला कुठून, हे सांगण्याजोगे आहे. टेलिव्हिजनचे चित्र मुळात ठिपक्यांचे नव्हतेच. ते आडव्या रेषांचे होते. आपल्या पद्धतीत ६२५ रेषा, त्यांपैकी चित्राच्या कामी येणाऱ्या ५७६. अमेरिकेच्या आणि जपानच्या पद्धतीत ५२५ रेषा, त्यांपैकी चित्राच्या सुमारे ४८०. रेषा मोजता येतात. पण एका रेषेत ठिपके किती, या प्रश्नाला अर्थच नव्हता. रेषा ती रेषा. पुढे हे चित्र आकड्यांत साठवायची वेळ आली तेव्हा १९८२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर एक तोडगा निघाला. दोन्ही पद्धतींची यंत्रसामग्री शक्य तितकी समान राहावी म्हणून असे ठरले, की रेषेची नोंद दोन्हीकडे सेकंदाला एक कोटी पस्तीस लाख वेळा घ्यायची. तसे केले की दोन्ही पद्धतींत एका रेषेचे ७२० ठिपके पडतात. जगाच्या दोन भागांचे भांडण मिटले. ठिपका चौरस येतो की नाही हे पाहणे कुणालाच गरजेचे वाटले नाही, कारण चित्र पाहायचे होते ते टेलिव्हिजनवर, आणि टेलिव्हिजनला रेषा किती रुंद पसरायची हे ठाऊक होते. योगायोग असा, की त्याच १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले.

अमेरिकेतल्या फुगलेल्या माणसांचे कोडेही इथेच सुटते. तिथे ठिपके तेवढेच, ७२०. पण रेषा मात्र ४८०. चित्र तेच चारास तीन. तेव्हा तिथला ठिपका उभट, म्हणजे उंचीच्या सुमारे ०.९१ पट रुंद, असावाच लागतो. तो चौरस धरला की माणसे दहा टक्क्यांनी जाड होतात, मोटारीच्या चाकांसह.

चित्र दाबून ठेवायचे आणि पाहताना उलगडायचे, ही युक्ती सिनेमावाल्यांना फार आधीपासून माहीत होती. आंरी क्रेत्यां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे भिंग बनवले होते, की ते रुंद देखावा निम्म्या रुंदीत दाबून नेहमीच्या फिल्मवर उमटवी. हॉलिवुडने ते घेतले आणि १९५३ साली 'द रोब' या चित्रपटाने सिनेमास्कोपचे युग सुरू झाले. आपल्याकडे १९५९ साली गुरुदत्तने 'कागज के फूल' याच पद्धतीने काढला. छायालेखक होते व्ही. के. मूर्ती. त्या फिल्मची पट्टी हातात धरून उजेडात पाहिली, तर नायक-नायिका बांबूसारखी उंच आणि किडकिडीत दिसतील. पट्टीत दोष नाही. प्रक्षेपकावर दुसरे भिंग बसवून तिला पडद्यावर दुप्पट रुंद करायचे, असा करारच आहे. कॅसेटीचा ठिपका म्हणजे आकड्यांत लिहिलेला असाच एक करार होय. आणि कॉम्प्युटरवर फोटो काढणारा माणूस हा दुसरे भिंग घरी विसरलेला ऑपरेटर असतो.

आता उपाय. तो दहा मिनिटांचा आहे. पण क्रम चुकवून चालत नाही.

कॅसेटीच्या चौकटीत आधी एकाआड एक रेषांचे चित्र उमटते आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या रेषांचे. माणूस हलत असला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. फोटोशॉपच्या 'फिल्टर' मेनूत, 'व्हिडिओ' या सदराखाली 'डी-इंटरलेस' आहे. त्याने हे दात काढून टाकावेत. हे रुंदी बदलण्याच्या आधी करणे चांगले. दात तसेच ठेवून उंची बदलाल तर सम-विषम रेषा एकमेकींत मिसळतात आणि मग त्या ब्रह्मदेवालाही वेगळ्या करता येत नाहीत.

त्यानंतर 'व्ह्यू' मेनूतल्या त्या यादीत 'स्क्वेअर' निवडावे, म्हणजे चष्मा काढून ठेवावा. हे विसरलात तर औषध दुहेरी लागू होऊन पडद्यावर आप्पांचे पहिलवान झालेले दिसतील. मग 'इमेज साइज' उघडावे. रुंदी आणि उंची यांना बांधणारी एक साखळी तिथे असते, ती सोडवावी. गिंप नावाच्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीतही अशीच साखळी आहे. उंचीला हात लावू नये; त्या ५७६ रेषा अस्सल आहेत. रुंदी ७२० ची ७८८ करावी. झाले.

काही जुन्या पुस्तकांत ७८८ ऐवजी ७६८ असा आकडा सापडेल. ७६८ म्हणजे ५७६ चे चार-तृतीयांश, आणि शाळेतल्या गणिताप्रमाणे तेच बरोबर वाटते. परंतु त्या ७२० ठिपक्यांपैकी थोडे दोन्ही कडांना जादा ठेवलेले असतात. खरे चारास तीन चित्र मधल्या साधारण ७०२ ठिपक्यांत असते. ॲडोबी कंपनीनेसुद्धा आधी १.०६७ हे माप धरले होते आणि २००८ साली आलेल्या सीएस ४ या आवृत्तीपासून ते १.०९४ केले. दोहोंतला फरक अडीच टक्क्यांचा आहे. मी घड्याळाचे ऐकतो.

आप्पांचा फोटो असा दुरुस्त केल्यावर अर्थातच तो आठ बाय दहाच्या फ्रेमेत बसेना. आठ इंच उंचीला जवळजवळ अकरा इंच रुंदी झाली. दोन्ही बाजूंनी सुमारे अर्धा-अर्धा इंच कातरावा लागला. त्यात कडेची काळी पट्टी गेली, आणि लाडवांचे ताट घेऊन कडेला उभे असलेले एक व्याही अर्धे कापले गेले. त्यांच्याकडून अजून तक्रार आलेली नाही.

गोल वस्तूची ही कसोटी घरोघर करता येण्याजोगी आहे. भिंतीवरचे घड्याळ, उभी केलेली परात, मोटारीचे किंवा सायकलचे चाक, अगदी पौर्णिमेचा चंद्र, काहीही चालेल. मात्र वस्तू कॅमेऱ्याच्या समोर, आणि होईल तितकी चित्राच्या मध्याजवळ असावी. जमिनीवर मांडलेले पंगतीतले ताट चालणार नाही, कारण ते तिरके पाहिल्यामुळे चपटे दिसणारच. तसेच एका चौकटीवर विसंबू नये. त्याच कॅसेटीतल्या दोन-तीन जागा मोजाव्यात.

ही कसोटी लागतेच, कारण नुसते आकडे पाहून ठिपक्याचा आकार कळत नाही. तेच ७२० आणि ५७६ ठिपके, पण व्हिडिओवाल्याने कॅमेऱ्यावर रुंद चित्राचे बटण दाबले असेल तर त्यात सोळास नऊ प्रमाणाचे चित्र दाबून भरलेले असते. तिथे ठिपका जवळजवळ दीडपट रुंद, १.४५९, आणि रुंदी करावी लागते १०५०. अशा कॅसेटीतला न सुधारलेला फोटो ओळखायला घड्याळ लागत नाही. वऱ्हाडी मंडळी उदबत्तीसारखी दिसतात. काही वर्षांनी जे एचडीव्ही कॅमेरे आले त्यांची चौकट १४४० बाय १०८० असते; ती १९२० रुंद करावी. व्हिडिओ सीडीवर ३५२ बाय २८८. तिचा ठिपका १.०९ पट रुंद, म्हणजे ३५२ चे ३८४ करावे. मात्र त्या सीडीतून भिंतीवर लावण्यासारखा फोटो निघेल अशी आशा धरू नये.

कागदपत्रांतही हा प्रकार भेटतो. कचेरीतून जपून ठेवलेला जुना फॅक्स कॉम्प्युटरवर उघडला आणि पानाची उंची निम्मी दिसली, तर घाबरू नका. साध्या फॅक्समध्ये इंचाला आडवे २०४ ठिपके आणि उभ्या ९८ च रेषा असतात. आणि स्थिर फोटो काढणारे कॅमेरे चौरस ठिपक्यांचे, हा नियमही सर्वस्वी निरपवाद नव्हता. निकॉनच्या २००१ सालच्या डी१एक्स कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारे बिंदू आडवे ४,०२८ आणि उभे १,३२४ होते; पण त्याची दुरुस्ती कॅमेरा पोटातल्या पोटात करून बरोबर आकाराचा फोटो हाती देई. आपल्याला पत्ताही लागत नसे.

मोबाइलवरच्या आजच्या फोटोंना मात्र यांपैकी कसलेही औषध देऊ नका. तिथे माणूस ताणलेला दिसला तर कुणीतरी साखळी सोडून कोपरा ओढलेला असतो. त्याला ठिपका जबाबदार नाही. आणि चारास तीनचा फोटो चार बाय सहाच्या कागदावर छापताना डोकी कापली जातात, हेही दुखणे वेगळे. तो कागदाच्या आकाराचा प्रश्न आहे.

कॅसेटी अजून उतरवून घ्यायच्या असतील तर दुकानदाराला दोन गोष्टी आधी विचारा. चित्र मूळ ७२० बाय ५७६ असेच उतरवून देणार, की स्वतः काही फेरफार करून देणार? आणि कॅसेट साध्या चित्राची आहे की रुंद? हल्ली बरेच दुकानदार परस्पर दुरुस्ती करूनच फाइल देतात आणि सांगत नाहीत. तिच्यावर आपण पुन्हा उपचार केला तर आप्पा दुसऱ्या बाजूने बिघडायचे. मूळ फाइल जशी आली तशी वेगळी ठेवावी, तिला हात लावू नये; सुधारलेली प्रत निराळ्या नावाने ठेवावी आणि त्या नावातच ठिपक्याचे माप लिहावे. कॅसेटीच्या लेबलावरही पेन्सिलीने लिहिले तर उत्तम. चालत्या स्थितीतले यंत्र असलेली दुकाने दरवर्षी कमी होत आहेत, तेव्हा खोके पुन्हा माळ्यावर चढवण्याची घाई करू नका.

आणि ज्या वाचकांना या बाबतीत मला फोटो पाठवायचा असेल त्यांनी, आपल्या माणसाच्या चौकटीबरोबर, त्याच कॅसेटीतली घड्याळ किंवा परात दिसणारी एखादी चौकट जरूर जोडावी. चेहऱ्यावरून मला काही सांगता येणार नाही; तो तुम्हालाच माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.